फोल्डर नव्या सर्व्हरवर पोचले, परवानग्या जुन्यावरच राहिल्या

बेळगाव, निपाणी, खानापूर असो की पलीकडे पणजी आणि म्हापसा, पतसंस्था, शिक्षण संस्था, सीएंची ऑफिसं, मध्यम आकाराचे दवाखाने अशा ठिकाणी एका कोपऱ्यात एक जुना सर्व्हर घरघरत असतो. कुठे त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ असतं, कुठे २०१६. यातल्या २०१२ चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबवला. पैसे भरून मिळणारी वाढीव मुदतसुद्धा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. सर्व्हर २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७ ला संपते. त्यामुळे ‘नवा सर्व्हर घ्यायचा’ हा विषय अनेक संस्थांच्या बैठकीत यायला लागलाय. दर मागवले जातात, मशीन येतं, फोल्डर हलवले जातात. गडबड होते ती या शेवटच्या पायरीवर, आणि ती चटकन लक्षात येत नाही.

समजा, निपाणीत मुख्य कार्यालय आणि बेळगाव, कोल्हापूरला शाखा असलेली एक पतसंस्था आहे. सर्व्हरवर ‘पगार’, ‘कर्ज प्रकरणे’, ‘वसुली’, ‘संचालक मंडळ’ असे फोल्डर आहेत. पगाराचा फोल्डर फक्त मॅनेजर आणि अकाउंटंटला उघडतो, कर्ज प्रकरणांचा कर्ज विभागाला. शनिवारी दुपारी हार्डवेअरवाला येतो, जुन्यावरचे सगळे फोल्डर निवडतो, कॉपी करतो, नव्यावर पेस्ट करतो. संध्याकाळपर्यंत काम आटोपतं. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळते, जीबी जुळतात, बिल निघतं. सोमवारी सगळ्यांच्या फाइली उघडतात. चेअरमन खूश.

आणि मग तीन आठवड्यांनी काउंटरवरच्या एका क्लार्कला कळतं, की शेजारच्या टेबलावरच्याला किती वाढ मिळाली ते आपल्याला दिसतंय.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असं नाही. दुरुस्तीचा खर्च चुकून इमारतीच्या खात्यावर पडला तरी दोन्ही बाजूंची बेरीज जुळते. सर्व्हरचं तसंच. संख्या जुळली म्हणजे फाइली आल्या. कोणती फाइल कोणी उघडायची हा हिशेब त्या बेरजेत धरलेलाच नसतो. त्यात एक व्यवहारातली अडचण आहे. ज्याचं दार चुकून बंद झालं तो दहा मिनिटांत फोन करतो. ज्याला नको ते दार उघडं मिळालं, तो गप्प बसतो. कितीदा तर ते उघडं आहे हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

नाव नव्हे, नंबर

विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर प्रत्येक फाइल आणि फोल्डरला एक यादी चिकटलेली असते. तिला एसीएल म्हणतात. कोण वाचू शकतो, कोण बदलू शकतो, कोणाला मनाई आहे, हे त्यात असतं. मालक कोण याची नोंदही फाइलबरोबरच असते. आपण प्रॉपर्टीज उघडून ‘सिक्युरिटी’वर गेलो की तिथे ‘अकाउंट्स’, ‘मॅनेजर’ अशी नावं दिसतात, पण यादीत प्रत्यक्षात नाव लिहिलेलं नसतं. तिथे असतो एक लांबलचक नंबर, एसीआयडी नव्हे, एसआयडी. सुरुवात एस-१-५-२१ अशी, पुढे आकड्यांची माळ.

बँकेत पाटील आडनावाचे चारशे खातेदार असतात, म्हणून बँक खाते क्रमांक बघते. विंडोजही तेच करतं. आपल्याला नाव दाखवतं ते सोयीसाठी, दार उघडतं ते नंबर बघून. हा एवढा मुद्दा डोक्यात बसला की पुढच्या निम्म्या भानगडी आपोआप समजतात.

साध्या कॉपी-पेस्टमध्ये काय होतं? कॉपी म्हणजे नव्या जागी नवी फाइल तयार होणं. नवी फाइल जन्माला येते तेव्हा तिला ती ज्या फोल्डरमध्ये आली त्याच्या परवानग्या वारशाने मिळतात. जुनी यादी मागेच राहते. नव्या सर्व्हरवर नवा डेटा ड्राइव्ह फॉरमॅट केला की त्याच्या मुळाशी ‘युजर्स’ गटाला वाचायची परवानगी आधीच दिलेली असते. डोमेन असलेल्या ऑफिसात जवळपास प्रत्येक कर्मचारी या गटात येतो. म्हणून पगाराचा फोल्डर नव्या ड्राइव्हवर पेस्ट झाला की तो सगळ्यांना वाचता येण्याजोगा होऊनच बसतो. कोणी मुद्दाम काही उघडलेलं नसतं.

पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क मध्ये घातली तर आणखी वाईट. बाजारात मिळणारे पेनड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात, त्यात ही यादी ठेवायची सोयच नाही. झिप करून नेलं तरी तीच गत.

उलटा प्रकारही आहे. एकाच ड्राइव्हवर फाइल कट करून दुसऱ्या फोल्डरात पेस्ट केली तर नवी फाइल तयार होत नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो, आणि मूळच्या परवानग्या तिच्याबरोबर जातात. मॅनेजरने आपल्या खासगी फोल्डरातून परिपत्रक उचलून ‘सर्वांसाठी’मध्ये टाकलं आणि शाखेत कोणालाच ते उघडेना, असं होतं ते यामुळे. अशा वेळी कट नको, कॉपी करावी.

रोबोकॉपी, आणि तिच्या खोड्या

परवानग्यांसकट फोल्डर हलवायचं साधन विंडोजमध्येच आहे, वेगळे पैसे लागत नाहीत. नाव रोबोकॉपी. विंडोज एनटीच्या काळात ती वेगळ्या रिसोर्स किटमध्ये मिळायची. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून विंडोजबरोबरच येते. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागते म्हणून बरेच जण तिच्या वाटेला जात नाहीत. (खाली स्विचांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत, आधी तिरकी रेघ देऊन लिहायची.)

पहिली खोडी हीच, की रोबोकॉपी नुसती चालवली तर तीही परवानग्या आणत नाही. काही न सांगता ती मजकूर, फाइलचे गुणधर्म आणि तारखा एवढंच उचलते. परवानग्या हव्यात तर ‘सेक’ हा स्विच द्यावा लागतो. मालक कोण आणि ऑडिटच्या नोंदी हेही हवं असेल तर ‘कॉपीऑल’. मालकाची नोंद गाळली तर कॉपी करणाराच मालक होऊन बसतो, आणि विंडोजमध्ये मालकाला त्या फाइलच्या परवानग्या केव्हाही बदलता येतात. म्हणजे हार्डवेअरवाल्याचं खातं संस्थेच्या कागदपत्रांचं मालक! ‘कॉपीऑल’साठी मात्र ऑडिटची नोंद हाताळायचा अधिकार लागतो, म्हणून खिडकी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडायची.

दुसरी खोडी जास्त घातक आहे. मोठा डेटा असला की काम दोन फेऱ्यांत करतात. आठवड्याभरात मुख्य कॉपी, आणि रविवारी रात्री फक्त मधल्या काळात बदललेल्या फाइली. ही पद्धत चांगलीच आहे. पण एखादी फाइल बदलली का, हे रोबोकॉपी तिच्या आकारावरून आणि तारखेवरून ठरवते. परवानगी बदलल्याने दोन्हींपैकी काही बदलत नाही. पहिली फेरी ‘सेक’शिवाय झाली आणि दुसऱ्या फेरीत ‘सेक’ आठवला, तर आधीच आलेल्या फाइलींना ती हातच लावत नाही. फाइल तीच, आकार तोच, पुढे चला. आज्ञा बरोबर, लॉगमध्ये चूक नाही, आणि निम्म्या फाइली उघड्या. यावरचा उपाय ‘सेकफिक्स’. तो ‘सेक’ किंवा ‘कॉपीऑल’च्या जोडीला दिला, की वगळलेल्या फाइलींच्याही परवानग्या दुरुस्त होतात. शेवटच्या फेरीत तो असलाच पाहिजे.

‘मिर’ म्हणजे मिरर, याच्याबाबत जरा दमानं घ्यावं. तो दुसरी बाजू पहिलीसारखी हुबेहूब करतो. म्हणजे पहिलीकडे नसलेलं दुसरीकडचं पुसूनही टाकतो. रात्री अकरा वाजता दमलेल्या माणसाने दोन पत्त्यांची अदलाबदल केली, तर रिकाम्या नव्या सर्व्हरची हुबेहूब प्रत जुन्यावर तयार होईल. म्हणजे जुना रिकामा. म्हणून आधी ‘एल’ देऊन चालवायचं. त्याने प्रत्यक्ष काहीच होत नाही, काय होणार याची यादी तेवढी मिळते. ती वाचायला पाच मिनिटं लागतात.

कोणी फाइल उघडी ठेवून घरी गेला असेल तर? रोबोकॉपी मूळ सेटिंगनुसार दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करते. हिशेब करून बघा: एका अडलेल्या फाइलसाठी सुमारे ३४७ दिवस. म्हणून ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ या स्विचांना १-१ असा आकडा द्यायचा, म्हणजे ती एकदा प्रयत्न करून पुढे जाते आणि राहिलेली फाइल लॉगमध्ये दिसते.

लॉगवरून सीमाभागाची एक खास गोष्ट. आपल्याकडे फाइलींची नावं मराठीत असतात, सरकारी पत्रव्यवहाराची कन्नडमध्ये, टॅक्सची इंग्रजीत. साध्या ‘लॉग’ स्विचने नोंद ठेवली तर मराठी आणि कन्नड नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. कोणती फाइल राहिली ते मग कोण सांगणार? ‘युनिलॉग’ वापरला की नावं नीट येतात. शिवाय देवनागरी नावं दिसतात त्यापेक्षा लांब असतात. ‘प्रस्ताव’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, विंडोजच्या मोजणीत काना आणि हलन्त धरून आठ. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, असं करत पूर्ण पत्ता २६० च्या पुढे गेला की साधं कॉपी-पेस्ट अडखळतं. रोबोकॉपीला ही अडचण येत नाही, हा तिचा आणखी एक फायदा.

अख्खा ड्राइव्ह मुळापासून उचलला तर कधी कधी नव्या सर्व्हरवरचा फोल्डर ‘गायब’ होतो. घाबरायचं कारण नाही. ड्राइव्हच्या मुळाला असलेला लपलेपणाचा गुणधर्म नव्या फोल्डरला चिकटलेला असतो, ‘ॲट्रिब’ आज्ञेने तो निघतो.

‘कंटिन्यू’ दाबण्याआधी

जुन्या सर्व्हरवर एखादा फोल्डर ॲडमिनिस्ट्रेटरलाही उघडत नाही. विंडोज विचारतं, परवानगी नाही, पुढे जायचं का? बहुतेक जण ‘कंटिन्यू’ दाबतात आणि फोल्डर उघडतो. त्या एका दाबण्याने दाबणाऱ्याचं खातं त्या फोल्डरच्या यादीत कायमचं लिहिलं जातं. मालकी ओढून घेतली तर याहून वाईट, घाईत जुन्या याद्याच पुसल्या जाऊ शकतात. याची गरज नसते. रोबोकॉपीला ‘बी’ हा स्विच दिला की ती बॅकअपच्या अधिकारात काम करते, आणि यादीत नाव नसतानाही फाइल उचलते.

आता पुन्हा नंबराकडे. ज्या ऑफिसात डोमेन आहे, म्हणजे सगळ्यांची खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर आहेत, आणि परवानग्या डोमेनच्या गटांना दिलेल्या आहेत, तिथे दोन्ही सर्व्हर तेच नंबर ओळखतात. काम सोपं. पण लहान ऑफिसात डोमेन नसतं. जुन्या सर्व्हरवर ‘अकाउंट्स’ नावाचा गट होता, नव्यावरही त्याच नावाचा गट केला, स्पेलिंगसुद्धा तेच. तरी नंबर वेगळा. परवानग्या अगदी नीट उचलून आणल्या तरी सिक्युरिटीच्या यादीत नावाऐवजी एस-१-५-२१ ची माळ दिसते आणि कोणाचाच फोल्डर उघडत नाही. मग वैतागून कोणीतरी ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ देतो आणि प्रश्न ‘सुटतो’. इतक्या ऑफिसात हे ‘एव्हरीवन’ सापडतं, त्याची सुरुवात बहुधा अशाच एखाद्या सोमवारी झालेली असते.

यावर ‘आयकॅकल्स’ नावाची आज्ञा आहे. तिच्या ‘सेव्ह’ने सगळ्या परवानग्या एका फाइलीत उतरवून घेता येतात, ‘रिस्टोर’ने त्या नव्या जागी लावता येतात, आणि लावताना ‘सब्स्टिट्यूट’ देऊन जुना नंबर गेला, हा नवा घे, असं सांगता येतं. यात मालकाची नोंद मात्र येत नाही. दहा-बारा माणसांच्या ऑफिसात मात्र दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा. दहा वर्षांत साठलेला परवानग्यांचा गुंता जसाच्या तसा वाहून नेण्यापेक्षा नव्या सर्व्हरवर चार गट करावेत, वरच्या पाच-सहा फोल्डरांना नव्याने परवानग्या द्याव्यात, आणि मगच डेटा परवानग्यांशिवाय आत आणावा, म्हणजे वारशाने सगळं बरोबर लागतं. त्यासाठीही जुनी यादी आधी हातात लागते. ती सेक्रेटरींबरोबर बसून बघितली की निवृत्त झालेल्यांची, सोडून गेलेल्यांची नावं आपोआप गळतात.

मोठ्या, डोमेन असलेल्या संस्थांसाठी सर्व्हर २०१९ पासून मायक्रोसॉफ्टने स्टोरेज मायग्रेशन सर्व्हिस दिली आहे. ती फाइली, परवानग्या, शेअर सगळं हलवते आणि शेवटी जुन्या सर्व्हरचं नाव नव्याला देते, त्यामुळे शाखांमधले शॉर्टकट बदलावे लागत नाहीत.

शेअर हा वेगळाच प्रकार

इतकं सगळं करूनही एक तक्रार हमखास येते: ‘फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही.’ कारण नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन दारं ओलांडावी लागतात. एक फाइलवरच्या यादीचं, दुसरं शेअरचं. दोन्हींपैकी जे जास्त कडक, ते लागू होतं. शेअरच्या परवानग्या फाइलला चिकटलेल्या नसतात, त्या विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘लॅनमनसर्व्हर’खाली ‘शेअर्स’ या जागी असतात, आणि रोबोकॉपी तिथपर्यंत जात नाही. नवा शेअर केला की मूळ सेटिंग ‘एव्हरीवन’ला फक्त वाचायची मुभा देतं. म्हणून उघडतं पण सेव्ह होत नाही. रजिस्ट्रीतला तो भाग जुन्यावरून काढून नव्यावर घालता येतो. ड्राइव्हचं अक्षर आणि फोल्डरचा पत्ता दोन्हीकडे सारखा असला तरच मात्र तो सरळ बसतो. आणि इथेही नंबराचा नियम सुटत नाही, स्थानिक गट असतील तर तीच माळ दिसणार.

तपासणी कशी करायची, यावर बहुतेक ठिकाणी एकच चूक होते. हार्डवेअरवाला ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून सगळे फोल्डर उघडून दाखवतो. त्याला उघडणारच! तपासायचं ते काउंटरवरच्या क्लार्कच्या लॉगिनने, त्याच्याच मशीनवरून, आणि काय उघडतं याच्याइतकंच काय उघडत नाही ते बघायचं. पगार उघडला नाही पाहिजे. कर्ज विभागाच्या माणसाला संचालक मंडळाचा फोल्डर उघडला नाही पाहिजे. प्रत्येक विभागातला एक माणूस धरला तरी अर्ध्या तासाचं काम. सिक्युरिटीच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ नावाची सोय आहे, तिथे एखाद्या कर्मचाऱ्याचं नाव घातलं की त्याला प्रत्यक्षात काय काय करता येतं ते एका जागी दिसतं.

कर्ज प्रकरणांच्या फोल्डरात सभासदांची आधार कार्डं, पॅन, पगाराच्या स्लिपा, जामीनदारांचे पत्ते असतात. शाळेच्या फोल्डरात मुलांचे दाखले, दवाखान्यात तपासणीचे रिपोर्ट. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती राखण्याची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. कायदा केंद्राचा, त्यामुळे कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, सगळीकडे एकच. लहान पतसंस्थेला उद्याच कोणी नोटीस काढेल असं नाही. पण आपल्या कर्जाची फाइल गावातल्याच, ओळखीच्या क्लार्कने वाचली, हे सभासदाला कळलं, तर तो कायद्याची वाट बघत बसणार नाही. ठेव काढून शेजारच्या संस्थेत जाईल.

त्यामुळे दरपत्रक मागवतानाच चार ओळी जास्त लिहून घ्याव्यात. परवानग्या कशा हलवणार, लॉगची फाइल संस्थेला देणार का, शेअरचं काय, आणि कोणत्या कर्मचाऱ्यांच्या लॉगिनने तपासणी करून दाखवणार. ‘सगळं होऊन जाईल साहेब’ एवढंच उत्तर आलं तर समजून घ्यावं. बिलाचा शेवटचा हप्ता या तपासणीनंतर द्यावा. आणि जुना सर्व्हर लगेच फॉरमॅट करून कोणाच्या घरी पाठवू नये. त्याची शेअर बंद करून तो किमान एक महिनाअखेर आणि जमलं तर एक तिमाही तसाच ठेवावा, कारण काही फोल्डर तिमाही रिटर्नच्या वेळीच उघडले जातात, आणि तेव्हा जुनी यादी बघायची वेळ आली तर ती फक्त त्याच्यावरच असेल.